'जर्सी शोअर' आणि 'ग्वीडो' हा शब्द: एक प्रकरण अभ्यास

न्यू जर्सीत गार्डन स्टेट पार्कवेवर ८२ नंबरच्या एक्झिटला बाहेर पडलं, की रस्ता खाडीवरचा पूल ओलांडून थेट सीसाइड हाइट्समध्ये शिरतो. एडिसन-इसेलिनच्या मराठी घरांतून निघालात तर गाडीने साधारण तासाभराची वाट. २०१० च्या जनगणनेत गावची कायमची वस्ती तीन हजारांच्याही आत होती, उन्हाळ्यात मात्र पाय ठेवायला जागा नसते. समुद्राला लागून लाकडी फळ्यांचा बोर्डवॉक, पिझ्झाचे गाळे, आकाशपाळणे आणि टी-शर्टची दुकानं. बोर्डवॉकलगतच्या एका घरात २००९ च्या उन्हाळ्यात आठ तरुण मुलं-मुली कॅमेऱ्यांसकट राहायला आली. ३ डिसेंबर २००९ ला एमटीव्हीवर 'जर्सी शोअर' या रिअ‍ॅलिटी मालिकेचा पहिला भाग दिसला आणि डिसेंबर २०१२ पर्यंत सहा सीझन झाले.

मालिकेने इटालियन-अमेरिकनांची बदनामी केली की नाही, यावर तेव्हा खूप शाई खर्च झाली. तो वाद वाया गेला असं नाही, पण तो चुकीच्या जागी अडकला. मालिकेने या समाजाचं चित्रण केलंच नव्हतं. न्यूयॉर्कच्या काही वस्त्यांत जन्मलेली तरुण पोरांची एक ऐट तिने उचलली, ऐटीखालची वस्ती काढून टाकली आणि उरलेल्या पोशाख-केसांवर वंशाचं लेबल लावलं. समाजाच्या संघटना लेबलावर चिडल्या. कात्री चालली होती ती वस्तीवर, आणि तिकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

ऐट कुठली

१८८० ते १९२० या काळात सुमारे ४० लाख इटालियन अमेरिकेत आले, बहुतेक सिसिली, नेपल्स, कालाब्रिया अशा दक्षिणेकडच्या गरीब भागांतून. त्यांचं स्वागत कसं झालं याची एक नोंद पुरेशी आहे: १८९१ मध्ये न्यू ऑर्लिन्सला जमावाने ११ इटालियनांना ठार मारलं. १९२४ च्या कायद्याने ही आवक जवळजवळ थांबवली, १९६५ च्या कायद्याने दार पुन्हा किलकिलं झालं. ब्रुकलिनच्या बेन्सनहर्स्टसारख्या वस्तीत जुन्या घराण्यांची नातवंडं आणि नुकती उतरलेली कुटुंबं शेजारी-शेजारी राहू लागली.

'ग्वीडो' तिथला. मुळात ते इटलीतलं साधं पुरुषाचं नाव, आपल्याकडच्या गणपत-बाळूसारखं. बाहेरच्यांनी ते 'भपकेबाज, अडाणी इटालियन पोरगा' अशा अर्थाने हिणवायला वापरलं. मग त्या पोरांनीच ते उचललं. समाजशास्त्रज्ञ डोनाल्ड ट्रिकॅरिको यांनी १९९१ च्या आपल्या लेखात 'ग्वीडो' ही एक इटालियन-अमेरिकन युवाशैली म्हणून अभ्यासली. तिची ओळखचिन्हं त्या काळचा कुणीही ब्रुकलिनकर सांगेल: डिस्को आणि पुढे क्लबचं संगीत, बाह्या नसलेला घट्ट बनियन, सोन्याची साखळी, साखळीत दृष्ट लागू नये म्हणून घातलेलं छोटं शिंग, केसांना भरपूर जेल, आणि शनिवारी रात्री खिडक्या खाली करून चकरा मारणारी कॅमॅरो गाडी.

हे सगळं आईबापाच्या घरात राहून चालायचं, आणि या प्रकरणात हीच बाब कळीची आहे. बाप बांधकामावर किंवा ट्रकवर, आई शिवणकामाच्या कारखान्यात, रविवारी दुपारी आजीकडे सगळ्यांचं जेवण, आणि संध्याकाळी तोच मुलगा इस्त्रीचा शर्ट घालून कोपऱ्यावर उभा. मॅनहॅटनच्या क्लबबाहेर दारवान आत सोडत नाही म्हणून आपल्या वस्तीत आपलाच रुबाब. वर्ग, वस्ती आणि वंश यांची गाठ त्या कोपऱ्यावर पडलेली होती. त्यातला एकच धागा ओढून बाहेर काढला तर हातात उरतो तो फक्त जेल लावलेला केस.

या ऐटीची काळी बाजूही होती. १९८९ मध्ये याच बेन्सनहर्स्टमध्ये गोऱ्या पोरांच्या टोळक्याच्या हल्ल्यात एका कृष्णवर्णीय किशोराचा गोळी लागून मृत्यू झाला. त्यानंतर 'ग्वीडो' म्हटलं की अनेकांच्या मनात वस्तीची राखण करणारी धटिंगण पोरं उभी राहत. मालिकेतल्या ग्वीडोला असा कुठलाच भूतकाळ नाही.

निवड

मूळ कल्पना व्हीएच-वन वाहिनीसाठी होती, तीही स्पर्धेच्या रूपात. पुढे ती भगिनी-वाहिनी एमटीव्हीकडे आली आणि निर्माती सॅली-अ‍ॅन सालसानो यांनी तिला एकत्र राहण्याच्या मालिकेचा आकार दिला. साचा नवा नव्हता. अनोळखी तरुणांना एका घरात ठेवण्याचा प्रयोग एमटीव्हीने १९९२ पासून केलेला होता. २००४ पासून कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरची श्रीमंत गोरी मुलंही हीच वाहिनी दाखवत होती. एक फरक नोंदवून ठेवावा: त्या मुलांच्या आजोबांचा देश कोणता, हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांची श्रीमंती म्हणजे 'जीवनशैली' ठरली, जर्सीच्या घरातल्या मुलांचं टॅनिंग, म्हणजे कातडी मुद्दाम तांबूस करून घेणं, हा 'वंश'.

कास्टिंगच्या जाहिरातीत अभिमानी 'ग्वीडो' आणि 'ग्वीडेट' (म्हणजे मुलगी ग्वीडो) हवेत असं उघड म्हटलं होतं. इथेच चाळणी लागली. जो तरुण या शब्दाने अवघडतो, तो अर्जच करत नाही. जो करतो, त्याने ती भूमिका आधीच स्वीकारलेली असते. इटालियन आडनावाचे वकील, नर्स, शाळामास्तर या चाळणीच्या वरच राहिले. आपल्याकडे 'अस्सल कोल्हापुरी रांगडे गडी हवेत' अशी जाहिरात देऊन कोल्हापूरच्या तरुणाईचं चित्र काढायला बसावं, तसाच हा प्रकार.

मग निवडलेले आठ जण पाहा. निकोल पोलिझ्झी म्हणजे स्नूकी ही चिलीत जन्मलेली. इटालियन-अमेरिकन जोडप्याने तिला दत्तक घेतलं आणि ती वाढली न्यूयॉर्क राज्यात. जेनी फार्ली म्हणजे जेवाव. तिचे पूर्वज आयरिश आणि स्पॅनिश. रॉनीचा वारसा मिश्र, त्यात पोर्तो रिकोही. पॉली डी आला ऱ्होड आयलंडमधून, विनी आणि अँजेलिना न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरून. न्यू जर्सीत वाढलेले फार तर दोन: हॅझलेटची सॅमी आणि मॅनालापनचा माइक.

म्हणजे नावात जर्सी, माणसं बहुतेक बाहेरची. बोभाटा इटालियनपणाचा आणि निदान दोघींच्या अंगात इटालियन रक्त नाही. टीकाकारांना यात फसवणूक दिसली. आम्हाला यात मालिकेची एकमेव खरी गोष्ट दिसते. स्नूकी ज्या घरात वाढली, तिथे शिकली तेच ती होती. दत्तक मुलीला रक्ताचा दाखला मागणं हा उद्धटपणा झाला. आणि जेवाव ग्वीडेट म्हणून खपली याचा अर्थ ही ऐट शिकता येते, अंगावर चढवता येते. ट्रिकॅरिको तिला शैली का म्हणाले, ते यातून कळतं. गडबड होते ती वाहिनी त्याच शैलीला वंशाच्या नावाने विकते तेव्हा.

घराची रचना

घरात टीव्ही नाही, इंटरनेट नाही, स्वतःचे मोबाइल नाहीत. बाहेर बोलायचं तर एकच फोन, तोही बदकाच्या आकाराचा. तो वाजायच्या ऐवजी क्वॅक-क्वॅक करायचा आणि डोळे लुकलुकवायचा. हे बदक फक्त गमतीसाठी ठेवलेलं नाही. मोबाइल असता तर भांडण मेसेजवर झालं असतं आणि कॅमेऱ्याला बोटांखेरीज काही मिळालं नसतं. एकच फोन, तोही सगळ्यांच्या ये-जा करण्याच्या जागी, म्हणजे प्रियकराशी किंवा आईशी झालेलं प्रत्येक बोलणं दृश्य बनतं. शिवाय बदक कानाला लावून रडणारा माणूस आपोआप हास्यास्पद दिसतो.

फुकट राहण्याच्या बदल्यात बोर्डवॉकवरच्या टी-शर्टच्या दुकानात पाळ्या करायच्या, अशी अट होती. पहिल्याच सीझनमध्ये पाळीवर जायला नकार दिल्याने अँजेलिनाला घर सोडावं लागलं. ही नोकरी पडद्यावर कशी वापरली ते पाहण्यासारखं आहे. कॅमेरा दुकानात जातो तो कुणाला रात्रीची नशा उतरलेली नाही म्हणून, किंवा कुणी मागच्या खोलीत झोपलंय म्हणून. पगार किती, त्यात घरभाडं भागतं का, हे प्रश्न येतच नाहीत. या मुलांचे स्वतःचे व्यवसाय होते. पॉली डी आधीपासून डीजे होता. तो हिशेब घराच्या दाराबाहेर राहिला.

काम हटवल्यावर उरलेला दिवस भरायला जीटीएल आलं: जिम, टॅन, लॉन्ड्री. हे तीन शब्द माइकच्या तोंडून देशभर गेले. पॉली डीच्या स्वतःच्या घरी टॅनिंग बेड होता, केस बसवायला पंचवीसेक मिनिटं लागतात हेही तोच सांगायचा. प्रेक्षक यावर खदखदून हसले. पण जीटीएलमधला 'एल' जरा थांबून पाहावा. रोज धुतलेले, घडी घातलेले कपडे, बाहेर पडायच्या अगदी आधी घालायचा कोरा टी-शर्ट. रोज सिमेंटच्या धुळीत माखून परतणाऱ्या बापाच्या मुलाला स्वच्छतेचं जे अप्रूप असतं, ते इथे अजून शिल्लक आहे. मालिकेने ते विनोद म्हणून ठेवलं, कारण बाप कुठेच दिसत नाही.

एकदा मात्र वस्ती आत शिरली. पहिल्या सीझनमध्ये विनीचं कुटुंब भेटायला आलं. आई सिसिलीहून आलेली. आल्या आल्या तिने स्वयंपाकघराचा ताबा घेतला, सगळ्या घराला जेवू घातलं आणि पसारा आवरला. आदल्या रात्रीपर्यंत एकमेकांवर खेकसणारी पोरं टेबलाशी सरळ बसली. त्या काही मिनिटांत नातेवाईकांचा मोठा गोतावळा दिसतो, मोडकं इंग्रजी ऐकू येतं, मुलाला पुरुष न मानता बाळ मानणारी आई दिसते आणि त्या लाडाची किंमतही दिसते: मुलाला ताट उचलायची सवयच नाही. इटालियन-अमेरिकन म्हणून काही दाखवायचं होतं तर ते हे होतं. पाहुणे गेले आणि मालिका पुन्हा क्लबकडे वळली.

एडिट टेबलावर

अमेरिकी केबलवर तासाचा भाग म्हणजे जाहिराती वगळून साधारण ४२ मिनिटं. घरात अनेक कॅमेरे, शूट अहोरात्र. म्हणजे बहुतांश फुटेज कचऱ्यात जाणार हे ठरलेलंच. काय ठेवायचं ते एकांतात कॅमेऱ्यासमोर घेतलेल्या मुलाखतींवरून, म्हणजे कन्फेशनलवरून ठरतं. या धंद्यातली पद्धत अशी: मुलाखत घटनेनंतर होते, पण उत्तर वर्तमानकाळात मागतात, आणि प्रश्न उत्तरातच गुंफून घ्यायला सांगतात, म्हणजे निर्मात्याचा आवाज कापता येतो. 'ग्वीडो म्हणून तुला काय वाटतं?' हा प्रश्न गायब होतो आणि 'ग्वीडो म्हणून मला असं वाटतं' एवढं उरतं. प्रेक्षकाला वाटतं, पोरगा उठता-बसता हाच जप करतो.

शिवाय वेगवेगळ्या वाक्यांचे तुकडे जोडून एक वाक्य तयार करण्याची युक्ती आहेच. ती ओळखायची खूण सोपी आहे: वाक्याच्या अर्ध्यात चेहरा जातो, पडद्यावर दुसरंच दृश्य येतं आणि आवाजाची पट्टी किंचित बदलते. अशी प्रत्येक जागा जोडलेलीच असते असं नाही, पण तिथे कान टवकारावेत.

नोव्हेंबर-डिसेंबर २००९

प्रोमोमध्ये वाहिनीने 'ग्वीडो' सढळ हाताने वापरला. एका जाहिरातीत तर ग्वीडोंचा उल्लेख गैरसमज झालेली एक 'प्रजाती' असा होता, प्राणिसंग्रहालयाच्या पाटीसारखा. १९२२ पासून काम करणाऱ्या युनिको नॅशनल या इटालियन-अमेरिकन संघटनेने मालिका रद्द करण्याची रीतसर मागणी केली. तेव्हा अध्यक्ष होते आंद्रे दिमिनो. वाहिनीचं उत्तर साधारण असं होतं की कलाकारांना आपल्या वंशाचा अभिमान आहे आणि ही युवासंस्कृतीची केवळ एक बाजू आहे. दोन वाक्यांत दोन वेगळे दावे! वंश असेल तर ती 'युवासंस्कृतीची बाजू' नव्हे, आणि बाजू असेल तर वंशाचा अभिमान मध्ये कशाला? युनिकोने ही फट धरायला हवी होती. तिने शब्द धरला, आणि शब्दावर कलाकारांचं उत्तर तयार होतं: आम्हीच स्वतःला ग्वीडो म्हणतो, तुमचं काय जातं?

डॉमिनोज आणि अमेरिकन फॅमिली इन्शुरन्स यांनी आपल्या जाहिराती या मालिकेत नकोत असं कळवलं. बातमी म्हणून हा विजय होता. पण जाहिरातदार बहुतेक वेळा वाहिनीशी मोठ्या पॅकेजचा करार करतो. एका कार्यक्रमातून जाहिरात हलली तर ती त्याच वाहिनीवर दुसऱ्या वेळेला लागते. पैसा घरातच राहतो. उलट बहिष्काराची बातमी फुकटचा प्रोमो ठरते. पहिल्या भागाला सुमारे १४ लाख प्रेक्षक होते, सीझनच्या शेवटी ४८ लाख, आणि जानेवारी २०११ मध्ये तिसऱ्या सीझनच्या पहिल्या भागाला ८४ लाखांवर.

याच सुमारास एका प्रोमोत स्नूकीला बारमध्ये एक पुरुष तोंडावर ठोसा मारतो ते दृश्य झळकलं. आक्षेप आल्यावर प्रत्यक्ष भागातून वाहिनीने तो ठोसा काढला. शब्दापेक्षा या मुलीला लागलेल्या ठोशावर संघटनांनी आवाज उठवला असता तर मुद्दा जास्त ठाशीव झाला असता, असं आमचं मत.

जानेवारी २०१० मध्ये सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्कच्या कॅलँड्रा संस्थेने ग्वीडो या विषयावर चर्चा ठेवली. बोलणाऱ्यांत ट्रिकॅरिको होते आणि स्वतःला ग्वीडो म्हणवणारा एक तरुणही. समाजातल्याच अनेकांना ती खपली नाही. अभ्यासाचा विषय केला म्हणजे मान्यता दिली, असं त्यांना वाटलं. तोवर या समाजाचे दोन न्यायाधीश अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात होते, स्कॅलिया आणि अ‍ॅलिटो, दोघांचाही जन्म न्यू जर्सीच्या ट्रेंटनमधला. अमेरिकी प्रतिनिधीगृहाच्या अध्यक्षपदी नॅन्सी पेलोसी होत्या. एवढं झाल्यावर केसांना जेल लावलेली आठ पोरं इतकी का झोंबावीत? वर चढलेल्या कुटुंबाला खालच्या मजल्यावरचा चुलतभाऊ लग्नात नाचलेला आवडत नाही, तसंच काहीसं.

न्यू जर्सीतल्या भारतीयांना या वादाची दुसरी बाजू ठाऊक असायला हवी. १९८७ मध्ये जर्सी सिटीत कपाळावरच्या कुंकवावरून नाव घेतलेल्या 'डॉटबस्टर्स' टोळक्याने भारतीयांवर हल्ले केले. त्यातला 'डॉट' हा हिणवणारा शब्द आपल्यापैकी फारसा कुणी टी-शर्टवर छापून मिरवला नाही. हिणवणारा शब्द उचलून मिरवता येतो तो त्यामागची भीती ओसरल्यावर. इटालियनांच्या बाबतीत ती ओसरली होती.

पुढे

न्यू जर्सीचे तेव्हाचे गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांची आई सिसिलियन वंशाची, पण त्यांनी भांडण राज्याच्या अंगाने काढलं: ही न्यूयॉर्कची माणसं आणून जर्सीत सोडली आहेत. सप्टेंबर २०११ मध्ये त्यांनी मालिकेला मिळणारी ४,२०,००० डॉलरची करसवलत नाकारली. महिनाभर आधी अ‍ॅबरक्रॉम्बी अँड फिच या कपड्यांच्या कंपनीने माइकला आमचे कपडे घालू नकोस, पैसे घे, असं जाहीर केलं होतं. विषय टी-शर्टचा, आणि बातमी दोघांनाही फुकट. त्याच वर्षी रटगर्स विद्यापीठात स्नूकीला कार्यक्रमाचे ३२,००० डॉलर मिळाले, तर पदवीदानाच्या भाषणासाठी नोबेलविजेत्या टोनी मॉरिसन यांना ३०,०००. त्यावर झालेला आरडाओरडा दोन हजार डॉलरचा नव्हता हे उघड आहे.

चौथा सीझन फ्लॉरेन्समध्ये झाला. शहराने चित्रीकरणावर अटी घातल्या, स्नूकीची गाडी पोलिसांच्या गाडीला धडकली, आणि बहुतेकांना इटालियन येत नाही हे पहिल्याच दिवसापासून उघडं पडलं. हिरव्या-पांढऱ्या-लाल रंगांत मिरवलेलं इटालियनपण इटलीत कुणी ओळखेना. इटलीकडे अशा पोरांसाठी स्वतःचा शब्द आहे, 'तमार्रो', आणि २०११ च्या उन्हाळ्यात 'इतालिया उनो' वाहिनीने त्यांच्यावर स्वतःचा रिअ‍ॅलिटी शो काढला. त्याच वर्षी इंग्लंडच्या न्यूकॅसलमध्ये याच साच्याची मालिका आली, पुढे स्पेन, पोलंड, मेक्सिकोत. न्यूकॅसलच्या पोरांत इटालियन असं काही नाही. तिथे लेबलाच्या जागी प्रांताची बोली आली. साचा तोच: किनारा किंवा क्लबचं शहर, एक घर, कामाचं निमित्त, टॅन, दारू, आणि बाहेरच्यांनी हिणवायला वापरलेला एक स्थानिक शब्द.

स्वतः तपासायचं तर

मास मीडियाच्या वर्गात हे प्रकरण घ्यायचं असेल तर पहिल्या सीझनचा एकच भाग पुरतो. तो तीनदा पाहावा. पहिल्यांदा आवाज बंद करून: इटालियन असल्याची दृश्यचिन्हं कोणती, झेंडा, साखळी, जेवण, ती वेळेसकट लिहावीत. दुसऱ्यांदा फक्त शब्दांसाठी: 'इटालियन', 'ग्वीडो', 'ग्वीडेट' कोण म्हणतं आणि कुठे, कन्फेशनलमध्ये की चालत्या प्रसंगात. दोन्ही आकडे वेगळे ठेवावेत, नाहीतर निर्मात्याने विचारून घेतलेलं आणि आपसूक बोललेलं एकत्र मिसळतं. मोजणारे दोघे असावेत, एकमेकांच्या वह्या न पाहता. आकडे जुळले नाहीत तर सरासरी काढू नये. कुठल्या जागी फरक पडला तिथे परत जावं, कारण वादाची जागा बहुधा विनोदाची असते आणि तो कुणाच्या खर्चाने झाला यावर दोघांचं एकमत नसतं.

तिसऱ्यांदा न दिसणाऱ्या गोष्टींची यादी करावी: आईवडील, पगार, भाडं, चर्च, शेजारी, वस्तीचं नाव, घराबाहेरचं काम. हा रकाना भरायला सगळ्यात कंटाळा येतो, कारण लिहायला काही मिळत नाही. 'काम'समोर टी-शर्टचं दुकान येतं, 'घरचे' समोर फोनचं बदक.